तापमान-दाबाचा पट्टा प्रायर आर्टमध्ये आधीच असेल, तर प्रोसेस पेटंट अपिलात टिकते का?

प्रश्न थोडक्यात असा. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीने क्लोरोनायट्रो संयुगाचे मिथेनॉलमध्ये, प्लॅटिनम-ऑन-कार्बन कॅटलिस्टवर हायड्रोजनेशन करून क्लोरोअमाइन बनवण्याच्या प्रक्रियेसाठी पेटंटचा अर्ज केला. क्लेममध्ये, म्हणजे हक्क मागितलेल्या मजकुरात, तापमान 70 ते 90 अंश सेल्सियस आणि दाब 8 ते 12 बार. कंट्रोलरने (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून प्रसिद्ध असलेली माहिती, म्हणून समोर ठेवलेल्या डी-1 या जुन्या पेटंटमध्ये कॅटलिस्ट तोच, सॉल्व्हंट तोच, तापमान 40 ते 150 अंश आणि दाब 5 ते 50 बार. अर्ज पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) (शोध जाणकाराला उघड नसावा) आणि 3(डी) (ज्ञात प्रक्रियेच्या केवळ वापराला पेटंट नाही) या दोन्हींखाली फेटाळला गेला. कंपनीचे म्हणणे असे की, डीक्लोरिनेशनची, म्हणजे क्लोरीन निघून गेल्याने होणारी, अशुद्धी 1.8 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आली, मग हे उघड कसे? अपील करावे का?

आदेश कितीही ढिसाळ असला तरी या प्रश्नाचे उत्तर आदेशात सापडत नाही. ते फाइलमध्ये आधीपासून कोणता डेटा आहे, यात असते. प्रोसेस पेटंटचा ऑब्व्हियसनेसचा (शोध उघडच होता का, याचा) वाद बहुतेक वेळा अपिलाच्या आधीच, म्हणजे स्पेसिफिकेशन (अर्जातले शोधाचे सविस्तर वर्णन) लिहिताना आणि हिअरिंगनंतरच्या लेखी निवेदनात, जिंकलेला किंवा हरलेला असतो. हायकोर्टात फक्त त्याची मोजणी होते.

आधी कायद्याचा मूळ पेच पाहू. या विषयावर सर्वांत जास्त लिखाण अमेरिकी न्यायालयांनी केले आहे आणि आपल्याकडचे आक्षेप त्याच वळणाने येतात. 1955 चा 'इन रे अॅलर' निकाल फिनॉलच्या प्रक्रियेचा होता. क्युमीन हायड्रोपेरॉक्साइडचे सल्फ्युरिक अॅसिडने विघटन करायचे. जुन्या संशोधनलेखात 100 अंश आणि 10 टक्के अॅसिड होते, अर्जदाराने 40 ते 80 अंश आणि 25 ते 70 टक्के अॅसिड मागितले. म्हणजे पट्टे एकमेकांना शिवतही नव्हते आणि उताराही (यील्डही) वाढला होता. तरी अर्ज फेटाळला गेला. न्यायालयाचे म्हणणे असे की, सर्वसाधारण परिस्थिती माहीत असताना नेहमीच्या प्रयोगांतून सर्वांत चांगला पट्टा शोधणे म्हणजे शोध नव्हे. फरक केवळ कमी-जास्तीचा असून भागत नाही, परिणाम प्रकारानेच वेगळा लागतो. 'उतारा वाढला' एवढ्यावर उभे असलेले अर्ज तेव्हापासून याच वाक्यावर आपटत आले आहेत.

दुसरा निकाल आजच्या व्यवहाराला जास्त उपयोगी आहे: फेडरल सर्किट या अमेरिकेतल्या पेटंट अपील न्यायालयाचा 2018 चा ड्यूपाँट विरुद्ध सिन्विना. वाद एफडीसीए या फ्युरान डायकार्बोक्सिलिक अॅसिडचा होता. त्यापासून पीईएफ हे प्लास्टिक बनते. क्लेममध्ये एचएमएफसारख्या फ्युरान संयुगाचे कोबाल्ट-मँगनीज-ब्रोमीन कॅटलिस्टवर अॅसेटिक अॅसिडमध्ये ऑक्सिडेशन होते, तापमान 140 ते 200 अंश आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब 1 ते 10 बार. पेटंट बोर्डाने पेटंट वाचवले होते, अपिलात तो निर्णय उलटला.

त्यातला आकड्यांचा एक तपशील मुद्दाम पाहण्यासारखा आहे. जुन्या पेटंट अर्जात ऑक्सिजनचा आंशिक दाब दिलेलाच नव्हता, हवेचा दाब 1000 पीएसआय एवढाच होता. पण 1000 पीएसआय म्हणजे 68.9 बार, आणि हवेत 21 टक्के ऑक्सिजन धरला की आंशिक दाब निघतो 14.5 बार. म्हणजे प्रायर आर्टने जो आकडा लिहिलाच नाही, तो गुणाकार करून समोर आणता येतो आणि मग 14.5 आणि 10 यांत अंतर उरते ते किती! 'डी-1 मध्ये हे पॅरामीटर नमूदच नाही' हा युक्तिवाद करण्यापूर्वी हा हिशेब स्वतः करून पाहावा, कारण समोरचा तो करणारच.

बोर्डाची चूक कुठे झाली? बोर्डाने आव्हान देणाऱ्या ड्यूपाँटकडून अपेक्षा केली की, तापमान आणि दाबाचा उताऱ्यावर नेमका कसा परिणाम होतो हे प्रायर आर्टमध्ये दाखवा. न्यायालय म्हणाले, तेवढी नेमकेपणाची गरज नाही. या गोष्टी परिणामावर प्रभाव टाकतात हे जाणकाराला (त्या क्षेत्रातल्या सर्वसामान्य कुशल माणसाला) माहीत होते, एवढे पुरे. पट्टे ओव्हरलॅप होतात असे दिसले की पुरावा पुढे करण्याची जबाबदारी पेटंटधारकाकडे सरकते (अंतिम सिद्धतेचे ओझे मात्र आव्हान देणाऱ्याकडेच राहते). त्यातून बाहेर पडायच्या चार वाटा न्यायालयाने मांडल्या: प्रकारानेच वेगळा आणि अनपेक्षित परिणाम, प्रायर आर्टने त्या दिशेने जाऊ नका असे सांगितलेले असणे, त्या पॅरामीटरचा परिणामाशी संबंध कुणाला माहीत नसणे, आणि जुना पट्टा इतका अवाढव्य असणे की त्यातून नेहमीच्या प्रयोगाचे आमंत्रणच मिळत नाही.

तिसऱ्या वाटेचे नमुनेदार उदाहरण म्हणजे 1977 चा 'इन रे अँटोनी'. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या फिरत्या चकत्यांच्या यंत्रात टाकीचे आकारमान आणि चकत्यांचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर क्लेम केले होते. या गुणोत्तरावर कार्यक्षमता अवलंबून असते हे प्रायर आर्टने ओळखलेलेच नव्हते, म्हणून ते 'सहज सापडणारे' ठरले नाही. पण तापमान, दाब, वेळ, कॅटलिस्टचे प्रमाण यांसाठी ही वाट जवळजवळ बंद आहे. यांचा परिणाम होतो हे पहिल्या वर्षाच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. ही वाट उघडते ती फीड घालण्याच्या क्रमाने, ढवळण्याच्या ऊर्जेने, पाण्याच्या पीपीएममधल्या प्रमाणाने किंवा दोन प्रमाणांच्या गुणोत्तराने.

आता तारापूरच्या अर्जाकडे. 1.8 वरून 0.1 हा फरक डोळ्यांत भरतो, पण नुसता तेवढा युक्तिवाद धोक्याचा आहे. तापमान उतरवले की डीक्लोरिनेशन कमी होते, हे हायड्रोजनेशन करणाऱ्या कोणत्याही केमिस्टला अपेक्षितच असते. अपेक्षित दिशेने, अपेक्षित कारणाने झालेली मोठी सुधारणा ही अॅलरच्या भाषेत कमी-जास्तीचीच सुधारणा. कंट्रोलर किंवा विरोधक एकच वाक्य बोलेल: 'तापमान कमी केले की अशुद्धी कमी होणारच, नवे काय?'

खरा मुद्दा कदाचित दुसरीकडे दडलेला आहे. नायट्रो गटाचे हायड्रोजनेशन नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन या टप्प्यांतून जाते. तापमान खूप उतरवले की शेवटची पायरी मंदावते आणि आरिल-हायड्रॉक्सिलअमाइन साठते. ते उष्णतेने विघटित होणारे, प्लँटच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने डोकेदुखी ठरणारे द्रव्य. म्हणजे जाणकारासमोर इकडे आड, तिकडे विहीर असा पेच असतो: वर गेले की क्लोरीन जातो, खाली आले की हायड्रॉक्सिलअमाइन साठते. 70 ते 90 अंश आणि 8 ते 12 बारच्या चौकोनात दोन्ही एकाच वेळी खाली राहत असतील, आणि त्या चौकोनाच्या जरा बाहेर पाऊल टाकताच एक तरी झटकन वर जात असेल, तर तिथे बोलण्यासारखे काही आहे. 'मधला बिंदू सापडला' हा रोजचा प्रयोग. 'तडजोड करावीच लागली नाही' हा वेगळा दावा. अपिलात हे दोन वेगळे दिसले पाहिजेत, आणि ते शब्दांनी नाही तर आलेखाने दिसतात.

त्यासाठी लागणारा डेटा कसा असावा, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच बहुतेक फाइली कच्च्या असतात.

तुलना डी-1 च्या सर्वांत जवळच्या उदाहरणाशी हवी, त्याच्या सर्वसाधारण वर्णनाशी नाही. डी-1 मध्ये उदाहरण 3 हे 110 अंश आणि 20 बारवर असेल, तर तेच उदाहरण शब्दशः पुन्हा करायचे: तोच सब्स्ट्रेट, कॅटलिस्टचे तेच वजन टक्के, तितकेच सॉल्व्हंट, तेच भांडे. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी फक्त तापमान, दाब 20 बारच ठेवून, नंतर फक्त दाब. दोन्ही एकदम बदलून 'आमचे 80 अंश-10 बार विरुद्ध त्यांचे 110 अंश-20 बार' अशी तुलना दिली की परिणाम कशामुळे आला हे सांगता येत नाही, आणि विरोधी तज्ज्ञ पहिला घाव तिथेच घालतो. दोन घटकांच्या एकत्र परिणामावर युक्तिवाद असेल तर पूर्ण ग्रिड लागते, उदाहरणार्थ 60, 70, 80, 90, 100 अंश गुणिले 6, 8, 10, 12, 15 बार. यांतले 60, 100, 6 आणि 15 हे आकडे मुद्दाम क्लेमच्या बाहेरचे आहेत. पट्ट्याच्या कडा का महत्त्वाच्या, हे कडेच्या बाहेरच्या प्रयोगाशिवाय सिद्ध होत नाही. महत्त्वाच्या बिंदूंवर किमान तीन पुनरावृत्त्या हव्यात, नाहीतर 0.1 आणि 0.3 यांतला फरक जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मोजणीच्या) चुकीचा आहे की प्रक्रियेचा, हे कोण ठरवणार?

दाब लिहिताना गेजचा की अॅब्सोल्यूट, हे स्पष्ट करा. इथे गोंधळ हमखास होतो. गेज 10 बार दाखवत असेल तर अॅब्सोल्यूट दाब सुमारे 11 बार. 80 अंशांवर मिथेनॉलचा बाष्पदाब जवळपास 1.8 बार असतो, म्हणजे हायड्रोजनचा आंशिक दाब राहिला सुमारे 9.2 बार. क्लेममध्ये 'दाब' लिहिले आणि डेटात 'हायड्रोजनचा दाब' लिहिला, की डी-1 शी तुलना करताना कुणी काय मोजले यावरच अर्धा दिवस जातो. तापमानाचेही तसेच. जॅकेटचे तापमान नव्हे, आतल्या थर्मोवेलचे हवे. नायट्रो हायड्रोजनेशन भरपूर उष्णता सोडते. जॅकेट 80 वर असताना आत 95 झाले असतील, तर तो प्रयोग क्लेममध्ये बसतच नाही.

ढवळण्याचा वेग लिहिलेला नसतो, आणि तोच सर्वांत जास्त नडतो. वायू-द्रव-घन अशा तीन अवस्थांच्या या क्रियेत ढवळणे कमी पडले तर हायड्रोजन कॅटलिस्टपर्यंत पुरेसा पोचत नाही, आणि मग दाबाचा म्हणून दाखवलेला परिणाम प्रत्यक्षात मास ट्रान्सफरचा निघतो. आरपीएम वाढवूनही दर बदलत नाही, असा एक छोटा प्रयोग फाइलमध्ये ठेवला की हा आक्षेप संपतो.

कन्व्हर्जन (किती कच्चा माल वापरला गेला), सिलेक्टिव्हिटी (त्यातला किती हव्या उत्पादनात गेला) आणि आयसोलेटेड (वेगळा काढून हाती आलेला) उतारा हे तीन आकडे वेगवेगळे द्या. एचपीएलसीचा (द्रव क्रोमॅटोग्राफीचा) एरिया टक्का म्हणजे अॅसे (प्रत्यक्ष शुद्धता) नाही. मास बॅलन्स 97-98 टक्क्यांच्या आसपास बसत नसेल तर 'उतारा वाढला' म्हणण्यापूर्वी उरलेले कुठे गेले ते शोधा.

आणि क्लेमची रुंदी. फायदा फक्त एका क्लोरोनायट्रो संयुगावर दाखवला असेल आणि क्लेममध्ये 'कोणतेही हॅलोनायट्रो अॅरोमॅटिक' असेल, तर तो फायदा संपूर्ण क्लेमला लागू होत नाही. ब्रोमो संयुगात हॅलोजन क्लोरोपेक्षा सहज निघतो, आयोडोत त्याहूनही सहज. तिथे एकही प्रयोग नसेल तर क्लेम क्लोरोपुरता आणा. ड्यूपाँट प्रकरणातही पेटंटधारकाचा उताऱ्याचा पुरावा क्लेमच्या पूर्ण पट्ट्याचे महत्त्व दाखवायला पुरेसा ठरला नाही. युरोपियन पेटंट ऑफिसात हाच नियम वेगळ्या चौकटीत येतो: सर्वांत जवळचा प्रायर आर्ट, त्यापेक्षा साधलेला तांत्रिक परिणाम, त्यावरून ठरवलेली वस्तुनिष्ठ समस्या, आणि जाणकार तिथे जाऊ 'शकला असता' की 'गेलाच असता'. अर्ज दाखल केल्यानंतरचा डेटा तिथे चालतो, पण तो परिणाम मूळ अर्जातल्या शिकवणीतून निघणारा असावा, असे त्यांच्या मोठ्या अपील मंडळाने 2023 च्या जी 2/21 निर्णयात सांगितले. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये हायड्रॉक्सिलअमाइनचा उल्लेखच नसेल, तर नंतर तो मुद्दा उभा करणे सगळीकडेच जड जाते. लिहितानाच दोन्ही अशुद्धी मोजून टाका.

'प्रायर आर्टने उलट दिशा सांगितली' हा युक्तिवाद लोकांना आवडतो आणि बहुतेक वेळा फसतो. डी-1 म्हणतो '100 ते 120 अंश श्रेयस्कर', म्हणून 80 पासून परावृत्त केले, असे होत नाही. श्रेयस्कर म्हणजे निषिद्ध नव्हे. '90 अंशांखाली हायड्रॉक्सिलअमाइन साठते, टाळा' असे वाक्य सापडले तर मात्र ते सोन्यासारखे. डी-1 चे तुलनात्मक उदाहरण आणि फसलेले प्रयोग ओळीने वाचावेत, असली वाक्ये तिथेच सापडतात.

आता भारतीय कायदा. कलम 2(1)(जेए) मध्ये तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही हवे, आणि शिवाय ते जाणकाराला उघड नसावे. 'आमची प्रक्रिया स्वस्त पडते' एवढ्याने काम होत नाही, कारण 'शिवाय' असलेली अट उरतेच. 1978 च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकालात सर्वोच्च न्यायालयाने भांडी घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट याच कारणाने टिकू दिले नाही: सुधारणा वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा जास्त हवी. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने रोश विरुद्ध सिप्ला (2015) मध्ये पाच पायऱ्या दिल्या: जाणकार कोण, शोधाचा गाभा काय, प्राधान्य तारखेला त्याला सर्वसाधारणपणे काय ठाऊक होते, फरक कोणते, आणि शोध माहीत झाल्यानंतरची नजर बाजूला ठेवून ते फरक उघड होते का. अपिलाचा मसुदा याच क्रमाने लिहावा. न्यायमूर्तींना वाचायला सोपा जातो, आणि आदेशात कोणती पायरी गाळली ते आपोआप उठून दिसते.

3(डी) कडे दुर्लक्ष करू नका. माध्यमांत हे कलम औषधांच्या नव्या रूपांसाठी गाजते, पण त्याचा शेवटचा भाग प्रक्रियेचाच आहे: ज्ञात प्रक्रियेचा केवळ वापर, जोपर्यंत त्यातून नवे उत्पादन मिळत नाही किंवा किमान एक नवा रिअॅक्टंट वापरला जात नाही. तारापूरच्या अर्जात उत्पादनही जुने आणि रिअॅक्टंटही जुने. कॅटलिस्ट बदलला असता तरी 'तो खर्च होत नाही, रिअॅक्टंट नव्हे' हे उत्तर तयार असते. म्हणून इथे एकच भूमिका घेता येते: ही 'ज्ञात प्रक्रिया'च नाही, कारण क्लेममधल्या पायऱ्यांचा संच डी-1 मध्ये नाही. ती भूमिका क्लेममध्ये फक्त आकडे असताना लंगडी पडते. प्रत्यक्ष प्रक्रियेत हायड्रोजन टप्प्याटप्प्याने सोडला जात असेल, किंवा 70 वर सुरू करून हायड्रॉक्सिलअमाइन ठरावीक पातळीखाली आल्यावर 90 वर नेले जात असेल, आणि हे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेले असेल, तर तो टप्पा क्लेममध्ये आणा. कलम 59 प्रमाणे दुरुस्ती डिस्क्लेमर, करेक्शन किंवा एक्स्प्लनेशन या स्वरूपातच चालते आणि मूळ अर्जात नसलेले काही आत येता कामा नये. उदाहरणार्थ, मूळ अर्जात 140 ते 200 अंशांचा पट्टा आणि '160 ते 190 श्रेयस्कर' हे दोन्ही लिहिलेले असतील तर 160-190 वर येता येते. दोन उदाहरणांतले आकडे उचलून 165-178 असा नवा पट्टा तयार करणे बहुधा अडकते. ही दुरुस्ती हिअरिंगनंतरच्या लेखी निवेदनाबरोबर, म्हणजे नियम 28 च्या 15 दिवसांच्या मुदतीत, द्यावी. तुलनात्मक डेटाही कलम 79 खाली प्रतिज्ञापत्रावर तिथेच द्यावा. वकिलाच्या निवेदनात टाइप केलेला तक्ता पुरावा ठरत नाही. अपिलात नवा डेटा आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 27 च्या धर्तीवर 'आधी का दिला नाही' याचे उत्तर द्यावे लागते, आणि 'सुचले नाही' हे उत्तर नव्हे.

आदेशातल्या त्रुटींचाही उपयोग आहे. 'डी-1 आणि डी-2 वरून शोध उघड आहे' एवढेच वाक्य असेल, तर दिल्ली हायकोर्टाचा 2022 चा अॅग्रिबोर्ड निकाल थेट लागू पडतो: प्रायर आर्टमध्ये काय आहे, अर्जात काय आहे, आणि एकातून दुसरे जाणकाराला कसे उघड होते, या तिन्हींची चर्चा कंट्रोलरने केलीच पाहिजे. मात्र याचे फळ बहुधा फेरसुनावणीसाठी परत पाठवणे, एवढेच असते. पेटंटची 20 वर्षे अर्जाच्या तारखेपासून चालू असतात, परत पाठवल्याने थांबत नाहीत. डेटा भक्कम असेल तर गुणवत्तेवरच निर्णय मागावा आणि परत पाठवणे ही पर्यायी विनंती ठेवावी. डेटा तोकडा असेल तर उलट करावे: परत पाठवून घ्यावे आणि दुसऱ्या फेरीत प्रयोग प्रतिज्ञापत्रावर सादर करावेत. आजच्या घडीला तारापूरच्या फाइलमध्ये एकच तुलना आहे आणि तीही दोन घटक एकदम बदलून केलेली, तेव्हा तिला दुसरा मार्ग जास्त मानवेल. दरम्यान ग्रिडचे प्रयोग सुरू करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

अपील कलम 117ए खाली, निर्णयाच्या तारखेपासून तीन महिन्यांत. 2021 मध्ये आयपीएबी (बौद्धिक संपदा अपील मंडळ) बरखास्त झाल्यापासून ते थेट हायकोर्टात जाते. कोणत्या? अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या हद्दीतला असेल तर मुंबईच्या, मग तपासणी करणारा कंट्रोलर कोलकात्यात बसलेला असला तरी. दिल्ली हायकोर्टाने 2022 मध्ये डॉ. रेड्डीज प्रकरणात हीच भूमिका घेतली. कंट्रोलरकडे रिव्ह्यू मागायचा तर फॉर्म 24, मुदत एक महिना, पण त्याने अपिलाची मुदत थांबेल असे गृहीत धरू नका. आणि हा अर्ज प्री-ग्रँट (पेटंट देण्यापूर्वीच्या) विरोधातून फेटाळला गेला असता तरी अर्जदाराला कलम 15 च्या (अर्ज फेटाळण्याच्या) आदेशाविरुद्ध अपील मिळतेच. विरोधकाचे मात्र तसे नाही. प्री-ग्रँट विरोध फेटाळून पेटंट दिले गेले तर त्याला 117ए चे दार बंद असते, त्याने एक वर्षाच्या आत पोस्ट-ग्रँट विरोध करायचा.